ती माझ्याबरोबर आली नाही

घोड्याला माणूस कळतो तो त्याच्या हातातल्या चाबकावरून, असं मी मानत होतो. नुसतं मानत नव्हतो, दुसऱ्यांना शिकवतही होतो. तबेल्यात नवा पोरगा कामाला आला की त्याला पहिलं सांगायचो, ‘तू घाबरलास तर घोडी तुझ्या डोक्यावर बसेल. आधी तिला घाबरव.’ वडिलांचा टांगा होता, हे सगळं मी त्यांच्याकडून घेतलं असं म्हणणं सोपं आहे. पण वडील चाबूक हवेत वाजवायचे, जनावराच्या अंगावर क्वचित. मी तेवढ्यावर थांबलो नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात वरातीच्या घोड्यांना काम भरपूर. उल्हासनगरच्या कॅम्पांमधली सिंधी-पंजाबी लग्नं, इकडे बदलापूरच्या बाजूची गावाकडची लग्नं. तुळशीचं लग्न लागलं की पावसाळ्यापर्यंत घोडी एका मांडवातून दुसऱ्या मांडवात. नवरदेवाखाली पांढरीशुभ्रच हवी, म्हणून नुकऱ्या घोडीला भाव. माझी घोडी मी सारंगखेड्याहून आणली, दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या यात्रेतून. अंगानं देखणी, चालीला मऊ. फक्त लगाम दिसला की मान आभाळात आणि दात घट्ट. टेम्पोत चढायलाही तयार नाही. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ‘जरा अडेल आहे, काटेरी लगाम लावा.’ मी लावला.

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे मोकळी जागा असते. तिथे हिरडीच्या पातळ कातडीखाली लगेच हाड लागतं. लगामाचं लोखंड बसतं ते नेमकं तिथे. त्या लोखंडाला टोकं असली तर ओढल्यावर काय होत असेल, हे समजायला पशुवैद्य लागत नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारनं जे नियम केले, त्यांत टोकदार लगामाला बंदी आहे. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. तो लगाम मी कापडात गुंडाळून ठेवायचो, त्याअर्थी ठाऊक होतं. वरात उतरल्यावर कधी कधी तिच्या तोंडाचा फेस गुलाबी दिसायचा. मी तो फडक्यानं पुसायचो. तिला बरं वाटावं म्हणून नाही, पुढच्या मांडवातल्या लोकांना दिसू नये म्हणून.

मग २०१९ ची २६ जुलैची रात्र आली. त्या रात्री उल्हास नदीचं पाणी असं चढलं की मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बोटींतून बाहेर काढावं लागलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. माझा तबेला नदीपासून फार लांब नाही. मी पोचलो तेव्हा पाणी तिच्या गुडघ्यांच्या वर होतं. पिछाडी सोडली, मोरखी धरली आणि ओढू लागलो. ती हलेना. मी शिव्या दिल्या, दोराचा फटका दिला. तिनं मागच्या पायांवर वजन घेतलं आणि असा हिसडा मारला की दोर माझ्या हातातून सुटला. वाटलं, गेली घोडी.

ती गेली नाही. हात मोकळा झाला त्या क्षणी ती वळली, मला मोठा वळसा घालून पाण्यातून चालत निघाली आणि रस्त्याच्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिली. वर, मी तिला जिथे न्यायला ओढत होतो तिथेच.

या गोष्टीचा अर्थ मी बरेच महिने लावला नाही. लोकांना सांगायचो, जनावराला अक्कल असते बघा, वाट बरोबर सापडली. ऐकणारे मान डोलवायचे. पण रात्री पडल्या पडल्या तो वळसा डोळ्यांपुढे यायचा. सरळ वाट माझ्या बाजूनं होती, आणि पाण्याचा जोर तिकडे कमी होता. ती जास्त पाण्यातून गेली. तिला बाहेर पडायचं होतं, पण माझ्याबरोबर पडायचं नव्हतं. दोन भयांपैकी तिनं पुराचं भय पत्करलं. इतकी वर्षं मी जिला अडेल म्हणत होतो, तिला मी त्या रात्री बुडवलंही असतं, आणि वर म्हटलं असतं की ऐकत नव्हती.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि लग्नं थांबली. घोडेवाल्यांचे ते दिवस कसे गेले ते घोडेवाल्यांनाच ठाऊक. चंदीचे पैसे निघणं मुश्किल झालं. पण वेळ होता. भाची आमच्याकडे अडकली होती. ती कुत्र्याला क्लिकरनं शिकवायची. मुठीत मावेल अशी प्लॅस्टिकची डबी, दाबली की ‘टिक’ वाजणारी. तिनं म्हटलं, ‘मामा, घोड्यांनाही असंच शिकवतात.’ मी हसलो. लाच देऊन काम करून घ्यायचं, उद्या हरभरे संपले की काम संपलं, असं माझं मत मी तिला ऐकवलं.

तिनं वाद घातला नाही, माहिती दिली. अमेरिकेत १९४०च्या दशकात ब्रेलंड दांपत्यानं या पद्धतीनं प्राणी शिकवायला घेतले. १९६०च्या दशकात कॅरन प्रायर हवाईमध्ये शिट्टी वाजवून डॉल्फिन शिकवायची, आणि १९८४ साली तिनं या विषयावर पुस्तक लिहिलं. १९९८ मध्ये अलेक्झांड्रा कर्लंडनं खास घोड्यांसाठी लिहिलं. नावं माझ्या डोक्यावरून गेली, डॉल्फिन मात्र डोक्यात राहिला. भाची म्हणाली, ‘डॉल्फिनला लगाम घालता येत नाही, मामा. मारायला गेलास तर तो तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोहून जातो. तो तुझ्याकडे आला तर स्वतःहूनच यायला हवा.’ मी काही बोललो नाही. पुरातला वळसा आठवला.

रीत साधी आहे, आणि कडक आहे. टिक वाजली की खाऊ द्यायचाच, चुकून वाजली तरी. टिक म्हणजे वचन. जे हवं ते जनावरानं केलं त्या क्षणाला टिक, आणि लगेच हरभऱ्याचे चार दाणे किंवा गाजराचा तुकडा. खाऊ हातातून तोंडापर्यंत पोचेतो घोडं दुसरंच काही करत असतं. कशाबद्दल मिळालं ते त्याला टिक सांगते. सुरुवातीला मधे बांबूचा आडवा दांडा ठेवायचा, म्हणजे तिला दूर जायची मुभा आणि आपल्यालाही धोका नाही. उपाशीपोटी शिकवायला घ्यायचं नाही, आधी वैरण घालायची. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, रिकाम्या पोटी तो खाऊवर झडप घालतो आणि शिकणं बाजूला राहतं. खरंच, थोड्याच दिवसांत ती माझे खिसे हुंगायला, सदरा ओढायला लागली. मी सोडून देणार होतो. भाचीनं दाखवलं: तोंड खिशापासून दूर गेलं की टिक, आणि खाऊ हात लांब करून तिच्याच बाजूला द्यायचा. खिसे हुंगणं थांबलं.

मग लक्ष्य. काठीच्या टोकाला निळं प्लॅस्टिकचं झाकण बांधायचं, तिनं नाक लावलं की टिक. मी काठी उचलली, आणि ती तबेल्याच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकली. कान पडलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणारा. झाकण तिला दिसलंच नाही. दिसली ती माझ्या हातातली काठी. भाची तिथेच उभी होती. मला तिच्याकडे बघवेना. मी काठी बाहेर टाकली, झाकण दोरीनं दांड्याला लटकवलं आणि बाजूला बसून राहिलो.

ती किती वेळानं पुढे आली ते मी मोजलं नाही. पुढे यायची, थांबायची, फुरफुरून मागे जायची. तिला कुणी बांधलेलं नव्हतं, ओढत नव्हतं, मागून हाकत नव्हतं. शेवटी मान लांब केली आणि वरच्या ओठानं झाकण हलकं ढकललं. टिक. तिनं हरभरे खाल्ले, आणि चघळता चघळता पुन्हा झाकणाकडे गेली. यावेळी ढकलून माझ्याकडे पाहिलं. दोन्ही कान पुढे, माझ्या दिशेला.

इतक्या वर्षांत तिचे कान मी माझ्याकडे वळलेले पाहिले नव्हते. मी ते कधी शोधलेही नव्हते. माझी नजर असायची तिच्या तोंडावर आणि मागच्या पायांवर, कुठून हल्ला होईल ते बघायला. शत्रूकडे बघतात तसं मी तिच्याकडे बघत आलो होतो आणि त्यालाच अनुभव म्हणत होतो. लाच वगैरे जे मी बोललो होतो तेही त्या दुपारी गळून पडलं. आजवर मी तिला जो मोबदला देत होतो तो एवढाच, की सांगितलं ते केलंस तर दुखवणार नाही.

झाकणावरून आम्ही मोरखीवर आलो. मोरखी उघडी धरायची, नाक तिनं आत घालायचं. मी हात पुढे नेत नाही. घोड्याला कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही, आणि मी नेमका तिथूनच हात घालायचो. आता साधा, गुळगुळीत लगाम आहे. काटेरी मी नदीत टाकणार होतो, पण तो कुणाच्या तरी पायात जाईल म्हणून लोहाराकडून तोडून घेतला. दाब देऊन, सुटका करून घोडं शिकवण्याची जुनी रीत सगळीच वाईट आहे असं मी म्हणत नाही. हलक्या हाताचे घोडेवाले मी पाहिले आहेत. मी त्यांतला नव्हतो.

सगळं जमलेलं नाही. डाव्या कानाला ती अजून हात लावू देत नाही. डीजेच्या भिंतीपुढे मी तिला नेत नाही, त्यामुळे कामं हातची जातात आणि घरात त्यावरून बोलणं होतं. बँड, ढोल यांना ती चालते, आणि टेम्पोत स्वतःहून चढते.

मध्यंतरी नेरळहून वर दस्तुरी नाक्यावर गेलो होतो. माथेरानला गाड्या तिथेच थांबतात, पुढे घोडी. ओळखीच्या एका घोडेवाल्याला डबी दाखवली. तो म्हणाला, ‘हंगामात वेळ कुठून काढू?’ मी म्हटलं, खरारा करतोस तेव्हा, वैरण घालून झाल्यावर, थोडाच वेळ. त्याची घोडी मागचा पाय उचलू देत नाही, नालबंद आला की तिला चौघांनी धरावं लागतं. आम्ही पायापासूनच सुरू करायचं ठरवलं आहे.