तारीख टळते तेव्हा

मुक्ता,

तुझ्या पत्रात मेसच्या आमटीपासून प्रॅक्टिकलच्या मार्कांपर्यंत सगळं होतं आणि अगदी शेवटी एक वाक्य: ‘तारीख उलटून गेलीय, कुणाला विचारू?’ हे पत्र त्या एका वाक्याचं उत्तर आहे.

गर्भ राहण्याची थोडीशीही शक्यता असेल, तर बाकी सगळे तर्क बाजूला ठेवून आधी ती तपासणी करायची. मेडिकलमध्ये पट्टी मिळते, सकाळच्या पहिल्या लघवीवर ती उत्तम चालते आणि तारीख टळल्यानंतर तिचं उत्तर बऱ्यापैकी भरवशाचं असतं. ‘नाही’ आलं आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा. ‘हो’ आलं आणि ओटीपोटात एका बाजूला कळा किंवा चक्कर असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. मावशी काही विचारत नाही. तुला वाटलं तर सांग.

आता ते 28 दिवसांचं गणित. मोठ्या बाईची पाळी 21 ते 35 दिवसांत केव्हाही आली तरी ती नियमितच. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली काही वर्षं 45 दिवसांपर्यंतचं अंतरही चालतं. 1920च्या दशकात जपानमधल्या निगाता शहरात क्युसाकू ओगिनो या डॉक्टरांनी शस्त्रक्रियांच्या वेळी बायकांचे बीजांडकोश बारकाईने पाहिले आणि त्यांच्या पाळीच्या तारखांशी ताडून पाहिले. त्यांच्या लक्षात आलं, की बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 12 ते 16 दिवस आधी. म्हणजे चक्राचा शेवटचा भाग बराचसा ठरलेला असतो, कमीजास्त होतो तो आधीचा. बहुतेक वेळा पाळी लांबते, कारण त्या महिन्यात बीजच उशिरा सुटलेलं असतं किंवा सुटलेलंच नसतं.

ते का अडतं, याचं उत्तर पुष्कळदा बीजांडकोशात नसतं, मेंदूत असतं. अमेरिकेत पिट्सबर्ग इथे अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात माकडिणींवर प्रयोग केले. मेंदूतलं एक संप्रेरक तासाला एकदा, ठोके पडावेत तसं दिलं की चक्र सुरू. तेच सलग देत राहिलं की बंद. इतकी नाजूक लय आहे ही! जागरण, परीक्षेचा ताण, आजारपण, अचानक घटलेलं वजन, अंगाला न झेपणारा व्यायाम या सगळ्यांनी ती बिघडू शकते. 1944-45च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, तेव्हा जवळपास निम्म्या बायकांची पाळी थांबली आणि पुढे जन्मांची संख्या झरकन घसरली. अन्न मिळू लागल्यावर बहुतेकींची पाळी परत आली. वजन उतरवायला तुमच्या हॉस्टेलमधल्या मुली रात्रीचं जेवण सोडतात असं तू लिहिलंस. त्यांना हे सांग.

पाळी अडण्याचं आणखी एक कारण, ज्याला सगळे पीसीओडी म्हणतात, ते शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी 1935 साली सात रुग्ण स्त्रियांवरून मांडलं. सोनोग्राफीत दिसतात त्या ‘गाठी’ म्हणजे वाढता वाढता थांबलेल्या बीजपुटिका. त्या काढून टाकायच्या नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या शंभरातल्या दहाएक जणींना हा त्रास असतो. ‘लग्न झालं की होईल सगळं ठीक’ हा त्यावरचा उपचार नव्हे. पाळी महिनोन् महिने आली नाही, तर गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, शिवाय मधुमेहाचा धोकाही असतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त वाट पाहू नये, ते याचसाठी.

थायरॉइडचा बिघाड, वाढलेलं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, उलटीवरची डोमपेरिडोन किंवा मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन यांसारखी औषधं, चाळिशीनंतर जवळ येणारी रजोनिवृत्ती, ही बाकीची कारणं. आपल्याकडे आणखी एक विसरलं जातं: गर्भाशयाचा क्षयरोग. त्याने अस्तरच खराब होतं.

आणि गोळ्या. गौरी-गणपती आले की घराघरात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. त्यात बहुधा नॉरएथिस्टेरोन असतं. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील, घरात तसा इतिहास असेल, तर ही गोळी डॉक्टरांना न विचारता घेणं धोक्याचं आहे. गौरीपुढे बसायला बाईचं शरीर असं थोपवून धरावं, हे मावशीला कधीच पटलेलं नाही. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनेही पुढची पाळी मागेपुढे होते.

कारण न शोधल्याची किंमत बीडच्या बायकांनी मोजली आहे. तिथून ऊसतोडीला जाणारं जोडपं मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि खाडा झाला की दंड. फडात ना संडास ना आडोसा, मोळ्या डोक्यावर वाहायच्या त्या पाळीतही. पाळी मागेपुढे होते, अंगावर जास्त जातं, पांढरं जातं, ओटीपोट दुखतं अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या आणि कित्येकींना ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असं ऐकवलं गेलं. 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे सहातली एक. 2015-16च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण देशभर सुमारे 3 टक्के होतं. बीडच्या त्या बायकांतल्या कित्येकींची चाळिशीही आलेली नव्हती. बीजांडकोशही काढले गेले असतील, तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती आणि पुढे ठिसूळ होणारी हाडं. जंतुसंसर्गावर औषधं होती. थायरॉइडची तपासणी होती, रक्त वाढवायच्या गोळ्या होत्या, पण खाडा परवडत नव्हता आणि कारण विचारायला कुणाला वेळ नव्हता. हे वाचून संताप येतो, आणि यायलाच हवा.

तुझ्या बाबतीत घाबरण्यासारखं सध्या काही दिसत नाही. परीक्षा, नवं गाव, उलटसुलट झोप, एवढ्यानेही पाळी लांबते. तरी डॉक्टरीणबाईंकडे जाताना मागच्या सहा महिन्यांच्या तारखा, वजनातला फरक आणि घेतलेली प्रत्येक गोळी कागदावर लिहून ने. त्या बहुधा थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि हिमोग्लोबिन बघायला सांगतील, लागलं तर सोनोग्राफी. पाळी आणायची गोळी लिहून दिली, तर ती का, हे तिथेच विचार. आणि खोलीतल्या ज्या मैत्रिणीला चार महिन्यांपासून पाळी नाही असं तू म्हणतेस, तिलाही बरोबर घेऊन जा. तुझ्यापेक्षा तिलाच जास्त घाई आहे.

तुझी,
मावशी