काटा खाली आला तर?

तंजावूरच्या राजवाड्याभोवतीच्या काही घरांत अजून मराठी बोललं जातं. भोसल्यांचं इथलं राज्य १८५५ मध्ये संपलं. भाषा मात्र तमिळशी सोयरीक करून राहिली. अशाच एका घरासमोर एक जुनी अँबॅसडर उभी असते. २०१४ मध्ये या गाड्या बनायच्या थांबल्या आणि घरातले आजोबा तिला अधिकच जपू लागले.

आजोबांना इंजिन कानानं कळायचं. अलीकडे कान दगा देऊ लागले, पण ते कबूल कोण करणार? गेल्या मे महिन्यात कुंभकोणमहून परतताना रेडिएटर उकळला. बोनेटमधून वाफ येईपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता, आणि शेजारी आजी बसलेली. गाडीची चावी काढून घ्यावी का, अशी कुजबुज घरात सुरू झाली. नातवानं मधला मार्ग काढला. मूळचा तापमानाचा काटा केव्हाच झोपला होता, म्हणून त्यानं बाजारातून नवं मीटर आणलं.

"कान आहेत मला," आजोबा म्हणाले. ज्या राजवाड्यात सरफोजीराजांनी ग्रंथांबरोबर परदेशी शास्त्रीय उपकरणंही जमवली, त्याच्याच सावलीत एका मीटरला एवढा विरोध व्हावा, ही गंमतच! अखेर ते एका अटीवर राजी झाले : डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही. अट योग्यच होती. मीटर डॅशबोर्डखाली पट्टीवर बसवता येतं आणि उद्या काढलं तरी गाडीवर व्रण राहत नाही.

नातवानं आधी बॅटरीची ऋण तार सोडली. इंजिन थंड असताना रेडिएटरचा वरचा रबरी पाइप कापून त्यात धातूचा जोडतुकडा बसवला आणि त्यात सेन्सर घट्ट केला. तिथून तार आत आणताना पत्र्याच्या भोकाला रबराचं कडं घातलं. नाहीतर पत्र्याची धार तार कापते. विजेची जोडणी फ्यूजमधून, चावी फिरवल्यावरच प्रवाह मिळेल अशी केली. गाडी सुरू झाली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली, काटा ढिम्म हलेना.

आजोबा बाहेर आले. पाइपाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "दोन्हीकडे रबर. अर्थिंग कुठून मिळणार त्याला?" जोडतुकड्यापासून इंजिनापर्यंत एक तार ओढली, तसा काटा उठला आणि पंच्याऐंशीच्या आसपास स्थिरावला.

मग आजोबांनी नातवाची परीक्षा घेतली. "काटा शंभराच्या पुढे गेला तर मी गाडी थांबवीन. पण चढलेला काटा एकाएकी खाली आला तर?"

"इंजिन थंड झालं असेल."

"पाणी संपलं असेल! सेन्सर पाण्यात नसला तर तो काय सांगणार? वरचा पाइप आधी रिकामा होतो. तेव्हाही थांबायचं, आणि झाकणाला हात लावायचा नाही."

चावी आजोबांकडेच राहिली. हल्ली कुंभकोणमच्या वाटेवर पापनाशम आलं की आजी वाकून मीटरवरचा आकडा वाचते. मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल इतक्या.