चार पानांचा डाव

आमच्या चामटोलीच्या घरात पत्त्यांना मान मिळतो तो वर्षातून एकदाच, गणपतीच्या जागरणाला. एरवी पत्त्यांचा जोड दिसला की आईच्या कपाळावर आठी उमटलीच म्हणून समजा! २६ जुलै २०१९ ची रात्र मात्र अपवादाची ठरली. मी तेव्हा नववीत होतो. दिवे गेलेले, उल्हास नदी फुगलेली आणि पाऊस थांबायचे नाव घेईना. गोव्याहून रजेवर आलेला माझा मावसभाऊ आमच्याकडेच अडकून पडला होता. मांडवीवरच्या एका कॅसिनोत तो पत्ते वाटण्याची नोकरी करतो. कंदिलाच्या उजेडात जोड पिसत तो म्हणाला, "चल, आज तुला ओमाहा शिकवतो." पैशांच्या जागी चिंचोके घेतले. (सकाळी कळले की महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या गावाजवळच पुरात उभी आहे. त्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढले. पण ती हकीकत निराळी.)

खेळ दिसायला सोपा. प्रत्येकाच्या हाती चार पाने, मध्ये सर्वांची मिळून पाच. हातातली नेमकी दोन आणि मधली तीन मिळून पाच पानांचा डाव करायचा. पाने हाती आली की पहिला प्रश्न एकच : खेळायचे की टाकायचे?

मला तर टाकावेसे कधी वाटेचना! चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघतात, आणि सहांपैकी एखादी तरी गोड बोलतेच. एकदा मला तीन राण्या आल्या. मी हर्षभरित. दादा म्हणाला, "टाक." का? तर वापरायच्या दोनच. तिसरी राणी माझ्याच मुठीत कैद, म्हणजे मध्ये यायला गड्डीत उरली एकटी चौथी. चार एक्के आले तर त्याहून वाईट, कारण पाचवा एक्का जगात नाही. चारही बदाम आले तरी तेच. जे दोन बदाम मध्ये यायला हवेत ते आपणच अडवून बसलेलो. उलट दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती अशी साधी पाने, त्यांत दोन इस्पिक आणि दोन चौकट असली, की दादाचे डोळे चमकत. तो म्हणे, "पानं मोठी आहेत का ते बघू नकोस. चौघांचं एकमेकांशी जमतंय का ते बघ. एक जरी फटकून बसलं, तर तू तीन पानांवर खेळतोयस." आणि आंधळी बोली लावायची पाळी आपली नसेल, तर पाने टाकायला एक चिंचोकाही लागत नाही.

हे सारे मला तोंडपाठ होते. तरीही एस. वाय. ला असताना मोबाईलवर हाच खेळ पैसे लावून खेळलो. तिथे पाने क्षणात येतात, आणि टाकून दुसऱ्यांचा खेळ बघत बसायचा कंटाळा येतो. सहा जोड्या पुन्हा गोड बोलू लागल्या. एक्का, नव्वी, सत्ती, दुर्री; चौघांची चार तोंडे चार दिशांना, तरी मी खेळलो. परीक्षेच्या फॉर्मचे अकराशे रुपये दोन रात्रींत गेले.

बाबा रोज कर्जत लोकलने मुंबईला जातात. डब्यातल्या मंडळींची रमी वर्षानुवर्षे पाहूनही त्यांनी पानाला कधी हात लावलेला नाही. त्यांना सांगताना माझी मान वर होत नव्हती. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पैसे दिले. पुढे महिनाभर ते स्टेशनवरून घरी चालत येत. कारण त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने संमत केला. त्यानंतर आठवड्याच्या आतच गणपती आले आणि दादाही आला. जागरणाला चिंचोके निघाले. बाबा दारात उभे होते. एकाएकी ते सतरंजीवर येऊन बसले आणि मला म्हणाले, "मलाही वाट. बघू तरी काय आहे ते."

मी पाने वाटली. बाबांनी चष्मा वर करून ती नीट लावली आणि लहान मुलासारखे हसत म्हणाले, "अरे, तीन राण्या! मी खेळणार."

दादाने माझ्याकडे पाहिले. मी मुकाट्याने माझे चिंचोके मोजू लागलो.