पडद्याचा रॉड

तर मंडळी, या दिवाळीच्या सुट्टीत मी यवतमाळच्या घरी मैत्रिणींना पार्टी दिली. पोल डान्सची. हो, बरोबर वाचलंत :)

दीड वर्षापासून मी पुण्यात पोल शिकतेय. घरी सांगितलं होतं, जिम लावलंय. तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. शाळेपासूनच्या तिघी मैत्रिणींना मात्र सगळं माहीत होतं आणि त्यांचा एकच धोशा, आम्हालाही दाखव. म्हणून सुटे तुकडे जोडून उभा करायचा पोल विकत घेतला आणि ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकून आणला. क्लीनरने विचारलं, ताई हे काय? म्हटलं, पडद्याचा रॉड. फाटकात शेजारच्या काकूंनी विचारलं. पडद्याचा रॉड. आईने विचारलं... समजलं असेलच.

आई-बाबा एका साखरपुड्याला घाटंजीला गेले, तो दिवस ठरवला. घरी फक्त आत्या, आणि ती दुपारी झोपते.

आता जरा इंजिनियरिंग. या पोलला स्क्रू-बिक्रू काही नसतं. तो जमीन आणि छत यांच्यात दाबून बसवतात, म्हणजे वरचं छत पक्कं हवं. मी, इंजिनियरिंगची पदवी भिंतीवर टांगलेली, पोल उभा केला हॉलमध्ये, बाबांनी गेल्या वर्षी हौसेने केलेल्या पीओपीच्या खाली. दोन फेरे आवळले आणि वरून 'कर्रर्र'. चांगली हातभर तडा. वर एक पापुद्रा सोफ्यावर. मग मुकाट्याने मागच्या खोलीत गेलो. तिथे नुसता स्लॅब आहे. खाली दिवाणावरच्या गाद्या अंथरल्या, मोबाईलवर लेव्हल बघितली, दाणकन बसला.

मैत्रिणींनी येतानाच गरम सांबारवड्या आणल्या होत्या. खाऊ दिल्या नाहीत. तेलकट हात पोलला लागला की संपलं. अंगठ्या काढा, मॉइश्चरायझर पुसा, आणि शॉर्ट्स घाला. शॉर्ट्सवर एकीने भुवया उंचावल्या. पण यात फॅशन काही नाही, घर्षण आहे. गुळगुळीत धातूवर कापड घसरतं, कातडी धरते. गुडघ्यामागची, मांडीची, काखेची कातडी हाच तुमचा ब्रेक. लेगिंग्ज घालून वर चढलात तर थेट गादीवर.

तासाभरात खोलीत नुसता खिदळण्याचा आवाज. एकीला दोन फूट चढता आलं तर तिने असा काही जल्लोष केला की विचारू नका. दुसरी, जी दोन मुलांमागे धावताना आरसाही बघत नाही असं स्वतःच म्हणते, ती एका हाताने लटकून गोल फिरली आणि खाली उतरल्यावर बराच वेळ काही बोललीच नाही. मी पायांची पकड घेऊन उलटी झाले, आणि उलट्या अवस्थेत मला दारात आत्या दिसली. तीही उलटीच दिसली अर्थात.

कुणी काही बोलेना. मला वाटलं, झालं.

"हात नको सोडू वं अजून," आत्या म्हणाली. "अढी ढिली आहे तुही. आधी अढी घट्ट कर, मंग सोड."

मी खाली आले. ती पोलजवळ आली, हात फिरवला. "तेल नाही लावलं का याले?"

आत्याचे दोन्ही भाऊ, म्हणजे माझे बाबा आणि काका, लहानपणी मल्लखांबाला जायचे, हे मला माहीत होतं. आत्या रोज त्यांचे डबे घेऊन जायची आणि दाराशी उभी राहून बघायची, हे माहीत नव्हतं. तिने एकदा विचारलं होतं म्हणे. उत्तर मिळालं, खांब पोरांचा असतो. "सगळं पाठ आहे मले. दसरंग, फरारे, ताजवा, सुईदोरा... फक्त केलं नाही कधी." हे ती गादीची सुरकुती सारखी करत म्हणाली.

मग तासभर तीच मास्तर. खांबाच्या वरच्या गोंड्याला बोंड म्हणतात, हेही तिच्याकडून कळलं. खाली मान, त्याखाली अंग. कापसाच्या जिल्ह्यात जन्मून मला बोंड एकच माहीत!

रात्री पडल्या पडल्या मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. मल्लखांब सागवानी किंवा शिसवी, बुडाशी घेर दीड फुटाहून जास्त, वर निमुळता, जमिनीत पुरलेला. त्याला एरंडेल चोळतात, कारण लाकडावर अंग सोलवटतं. आमचा पोल धातूचा, दोन इंचांहूनही बारीक, आणि आम्ही तो स्पिरिटने पुसतो, कारण तो मुळातच निसरडा. उपाय उलटे, हिशोब तोच, कातडी आणि घर्षणाचा. म्हणूनच तिथे लंगोट आणि इथे शॉर्ट्स. पण लंगोटातला पोरगा म्हणजे संस्कृती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्याचा आपल्याला अभिमान. २०१९ मध्ये मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, २०२४ मध्ये उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली, आणि आता मुलीही खांबावर स्पर्धा करतात. छानच आहे सगळं.

पण खरी गंमत संध्याकाळी झाली होती. आवाज ऐकून शेजारच्या काकू आल्या. आत्याने दारातच सांगितलं, "मल्लखांब करून राहिल्या पोरी." काकू खूश! नातीला पाठवते म्हणाल्या. मी हुश्श केलं, आणि लगेच काहीतरी खुपलं. कारण हा मल्लखांब नाही. ही कला बाळंभटदादा देवधरांच्या परंपरेतली नाही. ती वाढली अमेरिका-कॅनडाच्या स्ट्रिप क्लबांमध्ये, तिथे पोटासाठी नाचणाऱ्या बायकांच्या अंगावर. नव्वदीच्या दशकात त्यांच्यातल्याच काहींनी ती क्लासमध्ये शिकवायला सुरुवात केली. माझी आवडती गिरकी त्यांचीच देणगी. तिला घरात घ्यायचं तर देवधरांचं नाव लावून? हाही पडद्याचा रॉडच की. फक्त जरा प्रतिष्ठित.

असो. आई-बाबा साडेनऊला आले. आम्ही गार सांबारवड्या खात होतो. बाबा सोफ्यावर बसले, मान मागे टेकली आणि वर बघतच राहिले.

"हे कशानं झालं?"

तोंडात आलं होतं, पडद्याचा... घास गिळला.

"पोल डान्समुळे, बाबा. मी शिकते पुण्यात. दीड वर्षं झालं."

बाबांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग बहिणीकडे. आत्याने वडीचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"हात धुऊन घे पहिले," ती म्हणाली. "अन् खाऊन झाल्यावर पुन्हा धू. मागच्या खोलीत तेलकट हात चालत नाही."