चाकणची पहिली पाळी

जून संपत आला. पहाटे 5 ला निगडीहून कंपनीची बस, 6 ला चाकणच्या गेटवर.

कॉलेजात व्हर्नियर कॅलिपरचं लघुत्तम माप, 0.02 मिलिमीटर, म्हणजे तोंडी परीक्षेतला एक प्रश्न होता. इथे तेवढ्याच फरकाने बेअरिंग शाफ्टवर बसत नाही, हे हातांना कळलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या चुकीच्या मोजमापामुळे 40 नग बाजूला काढावे लागले. पोटात गोळा आला. लाइनवरचे काका एवढंच म्हणाले, "बाळा, आधी जबडे पूस. धूळपण मोजली जाते."

काकांची 22 वर्षं याच मशिनपाशी गेली. मला काम शिकवतात ते, पण माझ्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर त्यांचं नाव नसेल. हे मला खुपतं, फार खुपतं.

आज त्यांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे केली. बोटांना अजून कूलंटचा वास येतोय.