बारवीची वाट आणि सारथ्याची विद्या

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील व्यापारी कुटुंबांना पावसाळ्यात बारवी धरणाची ओढ लागते, यात नवल नाही. आठवडाभर दुकान आणि गोदाम यांच्यामध्ये हेलपाटे घालणाऱ्या जिवाला हिरवे डोंगर आणि भरलेले पाणी पाहायला मिळाले, तर त्याला दुसरी करमणूक नको असते. घरातील आजी-आजोबा, नातवंडे, डब्यात खाखरे आणि सुका नाश्ता अशा थाटात गाडी निघते. बदलापूर मागे पडले की मुळगावची खंडोबाची टेकडी दिसते. पुढे वस्ती विरळ होत जाते, झाडी दाट होते आणि रस्ता वळणे घेत धरणाकडे व तेथून मुरबाडच्या दिशेने निघतो.

हे धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे. उल्हास नदीला मिळणाऱ्या बारवी नदीवर ते १९७२ च्या सुमारास उभे राहिले आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवण्यात आली. आज त्याची साठवणक्षमता सुमारे ३३९ दशलक्ष घनमीटर आहे. जांभूळ येथील केंद्रात शुद्ध झालेले हे पाणी परिसरातील कारखान्यांना आणि ठाणे जिल्ह्यातील अनेक शहरांना मिळते. आपल्या घरातील माठ आणि आपल्या कारखान्यातील बॉयलर या दोहोंचा बारवीशी संबंध आहे. उंची वाढली तेव्हा काही गावांना आणि पाड्यांना आपली घरे सोडावी लागली. आपण ज्या रस्त्याने सहलीला जातो, त्याच्या कडेने पायी चालणारी माणसे याच परिसरातील आहेत. त्यांच्यासाठी तो सहलीचा नव्हे, रोजचा रस्ता आहे.

हे धरण पूर्ण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. मोटारीचे तसे नसते. तिच्यात कितीही यंत्रणा असल्या, तरी केव्हा थांबायचे हे चाकामागच्या माणसालाच ठरवावे लागते. आणि आपल्यापैकी बहुतेकांनी हे शिक्षण किती घेतले? चौकोनी मैदानात आठचा आकडा काढला, गाडी मागे घेऊन दाखवली आणि परवाना मिळाला. पावसातील उतार, धुके, वळणावर अचानक आलेली गाय यांपैकी काहीही त्या परीक्षेत नव्हते.

थोडा हिशोब मांडून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज लागतो. त्यानंतर ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे १५ मीटर लागतात. वेग ८० केला, तर पहिले अंतर दुप्पट म्हणजे २२ मीटर होते. पण ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट, म्हणजे ६० मीटरच्या पुढे जाते. वेग दुप्पट आणि जोखीम चौपट, असा सौदा कोणता व्यापारी करील? तरीही परतीच्या वाटेवर तो केला जातो. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून चौविहार साधायचा असतो, ढग दाटून आलेले असतात आणि पाय नकळत दाबला जातो. येथे उपाय एकच आहे : निघण्याची वेळ अर्धा तास अलीकडे आणावी.

प्रगत प्रशिक्षणात ज्या गोष्टी अनुभवायला मिळतात, त्या वाचून येत नाहीत. उदाहरणार्थ, आजच्या मोटारींत चाके जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेक यंत्रणा असते. जोरात ब्रेक दाबला की पायाखाली थरथर होते. ज्याने ती कधी अनुभवलेली नाही, तो घाबरून पाय उचलतो आणि नेमक्या क्षणी ब्रेक सुटतो. खरे म्हणजे पाय दाबून ठेवायचा असतो आणि स्टिअरिंगने गाडी अडथळ्याच्या बाजूने काढायची असते. मोकळ्या मैदानात हे दोन-तीनदा केले की शरीर ते लक्षात ठेवते.

दुसरी गोष्ट उताराची. पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना आहे. आधुनिक इंजिन गिअरमध्ये राहून उतरताना, पाय उचललेला असेल तर, इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच करते. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत नाही, आणि इंजिनाचा आधार गेल्यामुळे सारा भार ब्रेकवर पडतो. तिसरी गोष्ट पाण्याची. एक फूट खोल वाहते पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते, दोन फूट पाणी मोठ्या गाडीलाही जुमानत नाही. मोरीवरून पाणी जात असेल, तर मागे फिरणे हेच कौशल्य.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. नॉर्वेत १९७९ पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे झाले. पुढे पाहणी केली तेव्हा तरुण पुरुषांचे तशा रस्त्यांवरील अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे दिसले. गाडी सावरता येते, या भरवशाने ते अधिक वेगाने जाऊ लागले होते. म्हणून कसरती शिकवणारा वर्ग निवडू नये. दूरवर पाहणे, अंतर राखणे, आपल्या मर्यादा ओळखणे हे शिकवणारा निवडावा. पुढचे वाहन एखाद्या खांबापाशी गेल्यावर आपण तेथे पोहोचेपर्यंत कोरड्यात तीन आणि पावसात किमान चार सेकंद जावेत, हा साधा नियम तेथे अंगवळणी पडतो. चार हात भूमी पाहून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती आपल्याला परिचित आहे. गाडीत बसल्यावर तेच चार हात शंभर मीटर होतात, एवढेच.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग नोंदला गेला. केंद्र शासनाने १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले आहेत. हलक्या वाहनाच्या अभ्यासक्रमासाठी त्यांत २९ तास ठरवले असून त्यांतील ८ तास वर्गातील शिक्षणाचे आहेत. वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्याने एवढे नाही, तरी जाणत्या प्रशिक्षकाबरोबर एक-दोन दिवस द्यायला काय हरकत आहे?

आपल्या मंडळांना हे सहज जमण्यासारखे आहे. पावसाळ्यापूर्वी एका रविवारी मोकळे मैदान आणि चांगला प्रशिक्षक ठरवावा. घरातील मुलगे, मुली, सुना यांच्याबरोबर दुकानाचा टेम्पो चालवणाऱ्यालाही सन्मानाने बोलवावे, कारण पावसात सर्वाधिक फेऱ्या त्याच्याच असतात. पहाटे विहार करणारे साधू-साध्वी ज्या रस्त्याच्या कडेने चालतात, त्याच रस्त्यावर आपला मालही धावत असतो.

बारवीला अवश्य जावे. निघण्यापूर्वी प्रशासनाचा मनाई आदेश आहे का, याची चौकशी करावी. टायरच्या खाचा पाहाव्यात, त्या १.६ मिलिमीटरपेक्षा झिजलेल्या असतील तर टायर बदलावेत. मागच्या आसनावरील आजींनाही पट्टा लावावा. आणि काचेवर पाऊस वाजू लागला की वेग आपणहून कमी करावा.