उत्तर टोकाची ‘दक्षिणभूमी’

सदरलँड म्हणजे स्कॉटलंडचं पार उत्तर टोक. नावाचा अर्थ मात्र ‘दक्षिणभूमी’! ऑर्कनी बेटांवरच्या नॉर्स लोकांना ती दक्षिणेलाच दिसणार ना.

स्ट्रॅथनेव्हरच्या दरीत गाडी थांबवली. नदी, हिरवे उतार, चिटपाखरू नाही. ‘काय शांतता आहे यार,’ म्हणत धडाधड फोटो काढले. मग गवतात घरांची दगडी जोती दिसली. सदरलँडची काउंटेस आणि तिचा नवरा इथले जमीनदार. मेंढ्यांना चराई हवी म्हणून १८१४ आणि १८१९मध्ये त्यांच्या कारभाऱ्यांनी इथली कुळं हाकलली, घरं पेटवली. काहींना किनाऱ्यावर तुकडाभर जमीन मिळाली. डोंगरातली माणसं मासेमारी शिकली.

नवरा पुढे ड्यूक झाला. गोल्स्पीच्या डोंगरावर त्याचा उंचच उंच पुतळा आजही आहे. गावात कॉफी घेताना खिडकीतून तोच दिसत होता. मी खुर्ची फिरवून बसले.